प्रेमाचा अभ्यास, भीतीचं अनुदान

‘डेटिंगवर पीएचडी करता येते का?’ पेट-नेटची तयारी करणाऱ्यांकडून हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. विचारणारा आधी थोडा हसतो, मग ‘नाही, खरंच विचारतोय’ असं म्हणतो. उत्तर सरळ आहे. करता येते, आणि आपल्या मुंबईत या विषयावर गेली नव्वदेक वर्षं काम होत आलंय. फक्त त्या कामाच्या फायलीवर ‘प्रेम’ असं नाव जवळजवळ कधीच नव्हतं. कधी ‘लोकसंख्या’ होतं, कधी ‘कुटुंबनियोजन’, कधी ‘एड्स’, आणि आता ‘बालसंरक्षण’. म्हणजे प्रेमाचा अभ्यास झाला, पण प्रत्येक वेळी कुठल्या तरी भीतीच्या अनुदानावर झाला.

हा इतिहास सिनॉप्सिस लिहिण्याआधी माहीत असायला हवा, असं मला वाटतं. आपला विषय आजवर कोणत्या दारातून आत आला हे कळलं, की आपल्या प्रश्नावलीत काय सुटतंय तेही दिसायला लागतं. मी मूळची संख्याशास्त्राची एमएस्सी, त्यामुळे मधूनमधून आकडे येतील. पण प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणी, कोणाला आणि कशासाठी विचारला हेही लिहिते.

पत्रं आणि खटला

सुरुवात रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यापासून करायला हवी. कर्वे गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा दवाखाना सुरू झाला होता, म्हणजे आपण काही मागून आलो नव्हतो. या कामापायी कर्व्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी गमवावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवलं.

आपल्या दृष्टीने त्यातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे वाचकांचे प्रश्न. लोक लिहून विचारायचे, कर्वे उत्तर द्यायचे. आजच्या भाषेत हा गुणात्मक डेटा झाला, आणि तोही फार दुर्मीळ जातीचा. संशोधकाच्या प्रश्नाला उत्तर देताना माणूस संशोधकाच्या चौकटीत बोलतो. स्वतःहून पत्र लिहितो तेव्हा चौकट त्याची स्वतःची असते. कशाला ‘त्रास’ म्हणायचं, कशाला ‘पाप’ म्हणायचं आणि कशाला ‘शंका’ म्हणायचं, हे तोच ठरवतो.

अशाच प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. लैंगिक विषयाला वाहिलेल्या मासिकाला वाचकांनी लैंगिक प्रश्न विचारले, तर त्याने उत्तरच द्यायचं नाही का, असा युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. लक्षात घ्या, दंड झाला तो कोणी काही केलं म्हणून झाला नाही, प्रश्नाचं उत्तर छापलं म्हणून झाला. या क्षेत्रात प्रश्न विचारणं हीसुद्धा एक कृती असते आणि तिची किंमत असते, हा धडा आपल्याकडे एवढा जुना आहे.

किन्सेच्या आधी मुंबई

लैंगिक वर्तनाच्या सर्वेक्षणाचा विषय निघाला की आपण आल्फ्रेड किन्सेचं नाव घेतो. किन्से प्राणिशास्त्रज्ञ होता. झाडांवर गाठी तयार करणाऱ्या बारीक गांधीलमाश्या गोळा करण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली, आणि तीच मोजायची सवय त्याने माणसांवर लावली. त्याचा पुरुषांवरचा ग्रंथ १९४८ चा, स्त्रियांवरचा १९५३ चा.

मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी मुंबईतल्या मध्यमवर्गीयांच्या एका नमुन्याच्या लैंगिक सवयींवरचा निबंध मांडला तो १९३८ साली. किन्सेच्या पहिल्या ग्रंथाच्या दहा वर्षं आधी. मालवणात जन्मलेले, संस्कृतातून समाजशास्त्राकडे आलेले, जातीवरच्या ग्रंथासाठी ओळखले जाणारे घुर्ये. त्यांच्या नावावर असा निबंध आहे हे आपल्या अभ्यासक्रमात कोणी सांगत नाही.

एवढंच नाही, १९३४ साली डॉ. ए. पी. पिल्लै यांनी मुंबईतून ‘मॅरेज हायजीन’ हे नियतकालिक सुरू केलं. पुढे त्याचंच नाव ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ सेक्सॉलॉजी’ झालं. परदेशातले अभ्यासक आपले लेख मुंबईत छापायला पाठवत होते. आज स्कोपसची यादी बघून हताश होणाऱ्यांनी ही गोष्ट चहा पिताना आठवावी.

पण घुर्यांचा निबंध कुठे वाचला गेला ते पाहा. लोकसंख्या आणि कौटुंबिक आरोग्य या विषयांवरच्या अखिल भारतीय परिषदेत. पिल्लैंच्या नियतकालिकाच्या नावातच ‘मॅरेज’ होतं. चिंता होती ती प्रजेची संख्या आणि प्रजेचा दर्जा यांची. त्यामुळे अभ्यासात माणूस येत होता तो नवरा किंवा बायको म्हणून. लग्नाआधीची भेट, ओढ, नकार, फसवणूक या सगळ्याला तिथे खुर्चीच नव्हती.

देवनार, आणि न दिसणारी अविवाहित बाई

स्वातंत्र्यानंतर हा सगळा कारभार उपनगरात आला. टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९५४ साली नागपाड्याहून देवनारला गेली. १९५६ मध्ये लोकसंख्याशास्त्राचं प्रशिक्षण आणि संशोधन केंद्र सुरू झालं, तेच आजचं आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थान, म्हणजे आयआयपीएस. दोन्ही संस्था एकमेकींच्या शेजारी. गोवंडी स्टेशनवर उतरणाऱ्या संशोधकांच्या कितीतरी पिढ्यांनी देशातल्या माणसांच्या घरातल्या खासगी गोष्टी इथे बसून मोजल्या.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण आयआयपीएसच करतं. त्याची पहिली फेरी १९९२-९३ ची, दुसरी १९९८-९९ ची. या दोन्ही फेऱ्यांत मुलाखत घेतली गेली ती फक्त लग्न झालेल्या, किंवा कधी ना कधी लग्न झालेलं आहे अशा स्त्रियांची. अविवाहित स्त्री आणि पुरुष पहिल्यांदा मुलाखतीला बसले ते तिसऱ्या फेरीत, २००५-०६ मध्ये.

यात कोणाचा कट नव्हता. सर्वेक्षण जननदर मोजण्यासाठी होतं, आणि मूल लग्नानंतर होतं असं गृहीत होतं. पण संशोधनाचं गृहीतक आणि कायद्याचं गृहीतक एकमेकांना टेकून उभं राहतं. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात गर्भनिरोधक निकामी ठरल्याचं कारण लागू होतं ते ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांच्याबाबतीत. ते बदलून ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ व्हायला २०२१ ची दुरुस्ती यावी लागली. २० ते २४ आठवड्यांच्या टप्प्यात अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते सप्टेंबर २०२२ मध्ये. दवाखान्यात तपासणीआधी ‘लग्न झालंय का?’ असा प्रश्न ऐकून गप्प बसलेल्या मुलीला या उशिराचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको. जिला मोजलं जात नाही, तिच्यासाठी सेवाही आखली जात नाही.

एड्स आला आणि ‘टाइमपास’ सापडला

अविवाहित तरुणांना खासगी प्रश्न विचारायची मुभा मिळाली ती एचआयव्हीमुळे. १९८६ साली भारतात संसर्ग आढळला, १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना आली, आणि ‘तरुण पोरं काय करतात’ हा प्रश्न अचानक सार्वजनिक आरोग्याचा झाला. जी गोष्ट विचारणं कालपर्यंत असभ्य होतं, ती विचारायला आता निधी मिळू लागला.

याच काळात टाटा संस्थेच्या लीना अब्राहम यांनी मुंबईतल्या अल्प उत्पन्न गटातल्या कॉलेज विद्यार्थ्यांसोबत काम केलं. के. अनिल कुमार यांच्यासोबतचा त्यांचा सर्वेक्षणावरचा लेख १९९९ साली कुटुंबनियोजनाच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. ९६६ विद्यार्थी. भिन्नलिंगी व्यक्तीसोबत कुठल्याही प्रकारचा लैंगिक अनुभव आल्याचं ४७ टक्के मुलांनी आणि १३ टक्के मुलींनी सांगितलं. प्रत्यक्ष संबंध आल्याचं २६ टक्के मुलांनी आणि ३ टक्के मुलींनी.

आकड्यांकडे परत येऊ. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा २००२ चा लेख. त्याच्या इंग्रजी शीर्षकातच तीन शब्द आहेत: ‘भाई-बहन’, ‘ट्रू लव’ आणि ‘टाइमपास’. मुलामुलींमधल्या मैत्रीचे हे तीन प्रकार. पहिल्यात नातं भावाबहिणीचं म्हणून जाहीर केलेलं, म्हणजे आपला ‘मानलेला भाऊ’. त्या नावाखाली मुलामुलींना चारचौघांत बोलता येतं. दुसऱ्यात लग्नाचा इरादा. तिसऱ्यात इरादा नाही, काळ थोडा, आणि शारीरिक जवळीक असू शकते.

हे वर्गीकरण बाहेरच्या पुस्तकातून आलेलं नाही, हे त्याचं बळ. लोकलच्या डब्यात शेंगदाणे विकणारा ज्या शब्दाची आरोळी देतो, तो शब्द मुलं नात्यासाठी वापरत होती, आणि संशोधकाने तो तसाच उचलला. ‘कॅज्युअल पार्टनर’ लिहिलं असतं तर आशय अर्धा सांडला असता. ‘टाइमपास’मध्ये एक हिशोब आहे: हे गंभीर नाही हे दोघांनाही माहीत असावं अशी अपेक्षा, आणि तसं ते नसलं तर फटका बहुधा मुलीला. एकच नातं मुलाच्या लेखी टाइमपास आणि मुलीच्या लेखी ट्रू लव असू शकतं. प्रश्नावलीतल्या ‘जोडीदाराचा प्रकार’ या रकान्यात ही तफावत कुठे भरणार? २०१४ साली रवी जाधव यांचा ‘टाईमपास’ चित्रपट आला. त्याच्या नावात टाईमपास आणि गोष्ट मात्र सच्च्या प्रेमाची आहे. या दोन रकान्यांमधली भिंत किती पातळ आहे हे प्रेक्षकांना कोणी वेगळं समजावलं नाही.

२००० नंतरच्या दशकात ईशान्य मुंबईतल्या वस्त्यांमध्ये ‘रिश्ता’ नावाच्या प्रकल्पातही हेच दिसलं. डॉक्टरांच्या यादीत लैंगिक आजार म्हणजे संसर्ग. पुरुषांच्या तोंडी मात्र ‘गुप्त रोग’, आणि त्यात ‘कमजोरी’सारख्या चिंताही. शब्द ऐकल्याशिवाय आजाराची यादीसुद्धा पुरी होत नव्हती.

तीन टक्क्यांचं काय करायचं?

आता ते २६ आणि ३. वर्गात हे आकडे आले की कोणीतरी लगेच म्हणतं, ‘मुलं फेकतात, मुली लपवतात.’ असेल. पण संख्याशास्त्र इथे घाई करू देत नाही. एखाद्या बंद समूहात पुरुषांच्या जोडीदारांची एकूण बेरीज आणि स्त्रियांच्या जोडीदारांची एकूण बेरीज सारखी यायलाच हवी. ‘अनुभव आला’ असं म्हणणाऱ्यांची टक्केवारी मात्र सारखी असायलाच हवी असं नाही. मुलांच्या जोडीदार कॉलेजबाहेरच्या असू शकतात: वयाने मोठ्या, लग्न झालेल्या, देहविक्रय करणाऱ्या. म्हणजे फरकाची निदान तीन कारणं संभवतात. मुलांची अतिशयोक्ती, मुलींचं मौन, आणि नमुन्याबाहेरच्या स्त्रिया. एकट्या सर्वेक्षणाच्या आधारे ही तिन्ही वेगळी करता येत नाहीत.

आयआयपीएस आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनी २००६ ते २००८ या काळात महाराष्ट्रासह सहा राज्यांत ५० हजारांहून अधिक तरुणांचा अभ्यास केला, तेव्हा या मौनावर एक साधी युक्ती वापरली होती. मुलाखतीच्या शेवटी एक कार्ड द्यायचं, उत्तरावर खूण करायला सांगायचं आणि ते पाकिटात बंद करून घ्यायचं. समोरच्या मुलाखतकाराला उत्तर कळत नाही. एवढं करूनही विवाहपूर्व संबंधांचे आकडे आले १५ टक्के पुरुष आणि ४ टक्के स्त्रिया. पाकीट बंद असलं तरी घरात कोण कोण आहे, शेजारीण दारात का उभी आहे, हे त्या मुलीला ठाऊक असतंच. कुर्ल्याच्या किंवा घाटकोपरच्या एका खोलीच्या घरात ‘खासगी मुलाखत’ घेऊन दाखवा, मग बोलू.

म्हणून ३ टक्के हा आकडा वाचताना ‘मुंबईतल्या ३ टक्के मुलींनी संबंध ठेवले’ असं लिहू नका. ‘३ टक्के मुलींनी तसं सांगितलं’ असं लिहा. एका क्रियापदाचा फरक आहे, पण त्या क्रियापदावर धोरण ठरतं. आणि दोन्ही वेळा प्रश्न भिन्नलिंगी जोडीदाराभोवतीच फिरत होता, हेही विसरू नका. ‘बॉम्बे दोस्त’ १९९० पासून निघत होतं, हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करत होता. समलिंगी नात्यांबद्दलचं ज्ञान शहरात होतं, पण ते वेगळ्या फाइलमध्ये होतं, आणि तीही मुख्यतः एड्सच्याच.

आजची भीती

आज हाच अभ्यास अकरावी-बारावीच्या मुलांसोबत करायचा ठरवा. नोव्हेंबर २०१२ मध्ये पॉक्सो कायदा लागू झाला आणि संमतीचं वय १६ वरून १८ वर गेलं. कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणालाही ती कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा कलम २१ नुसार गुन्हा. संशोधकाला यातून सूट नाही. सतरा वर्षांच्या मुलीने विश्वासाने सांगितलं, ‘आमचं दोघांचं आहे’, तर तुमच्या संमतीपत्रातलं ‘माहिती गोपनीय राहील’ हे वाक्य तुम्ही पाळू शकाल का?

याच कायद्याखालच्या आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधल्या २०१६ ते २०२० च्या ७,०६४ निकालांचा अभ्यास ‘एनफोल्ड’ या संस्थेने केला. त्यातली १,७१५ प्रकरणं, म्हणजे जवळपास चारातलं एक, प्रेमसंबंधांची होती. किशोरवयीन प्रेमाबद्दलचा आपला एक मोठा डेटा आता कोर्टाच्या निकालांतून येतो. भीतीची फाइल बदलली, फाइल मात्र भीतीचीच.

आणि जागा? ऑगस्ट २०१५ मध्ये मढ-आक्साच्या हॉटेलांतून पोलिसांनी जोडप्यांना उचललं होतं. २०२१ मध्ये बोरिवलीच्या चिकूवाडीत एका सोसायटीबाहेर रस्त्यावर ‘नो किसिंग झोन’ असं रंगवलं गेलं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ च्या ‘व्हाय लॉयटर?’मध्ये मुंबईच्या सार्वजनिक जागेत विनाकारण रेंगाळण्याचा हक्क मागितला, तो याच शहराबद्दल. उपनगरात एकांत हा चौरस फुटांचा प्रश्न आहे. मुलुंडमध्ये किंवा अंधेरीत कोणी कुठे भेटतं, किती वेळ, कोणाच्या नजरेखाली, आणि त्याला किती पैसे पडतात, याचं उत्तर ‘तुम्ही डेटिंग अ‍ॅप वापरता का?’ या प्रश्नात मिळणार नाही.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

हे सगळं सांगून मी तुम्हाला विषय सोडायला सांगत नाहीये. उलट, मोकळं रान बरंच आहे. भीतीने जे जे विचारायला लावलं ते आपल्याकडे बऱ्यापैकी नोंदलेलं आहे: कोणी, कितव्या वर्षी, किती जणांशी, निरोध वापरला का. ज्याची कोणाला भीती नव्हती ते नोंदलेलं नाही. नातं तुटतं कसं, वाट किती पाहिली जाते, नकार कोणत्या शब्दांत दिला जातो, भेटीचा खर्च कोण करतं, जात कळल्यावर कोणत्या टप्प्यावर मेसेज थांबतात.

प्रश्नावली लिहिण्याआधी तीन कामं करा. एक, ज्यांचा अभ्यास करायचा त्यांच्याकडून शब्द गोळा करा. ‘त्यांचं चालू आहे’, ‘फिरतात’, ‘लफडं’, ‘सेटिंग’, ‘सिच्युएशनशिप’ हे समानार्थी नाहीत. कोण कोणाबद्दल कोणता शब्द वापरतं हाच पहिला डेटा. दोन, तुमच्या विषयाला पैसा किंवा मान्यता कुठून येणार आहे आणि त्यामागे चिंता कोणती आहे, हे एका परिच्छेदात स्वतःसाठी लिहा. गाइडला दाखवायची गरज नाही. तीन, वयाची अट आणि गोपनीयतेची मर्यादा एथिक्स कमिटीने विचारायच्या आधी ठरवा. सांताक्रूझच्या ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं २००० सालीच तयार झाली आहेत. ती वाचा. मग संमतीपत्रात तुम्हाला पाळता येईल तेवढंच वचन द्या, आणि ते समोरच्या मुलीला एका वाचनात कळेल अशा मराठीत लिहा.

कर्व्यांना पत्र लिहिणाऱ्या माणसाला उत्तर हवं होतं. तुमच्या मुलाखतीला बसणाऱ्या माणसालाही तुमच्याकडून काहीतरी हवं असेल: माहिती, दिलासा, किंवा नुसतं कोणीतरी न हसता ऐकून घेणं. त्याची तरतूद तुमच्या आराखड्यात कुठे आहे, ते एकदा तपासा.